विभागाचा इतिहास लिहायचाय? आधी ‘स्थापना’ म्हणजे काय ते ठरवा

मागच्या मे महिन्यात एक मुलगी सकाळी सातला माझ्या दारात उभी. सातला, कारण नागपुरात मे महिन्यात नऊनंतर कोणी कोणाकडे जात नाही. एम.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्रातल्या मास्टर पदवीच्या, लघुप्रबंधासाठी तिने विषय घेतला होता, नागपूर विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा इतिहास. हातात टाइप केलेली २२ पानं. पहिल्या पानावर नालंदा, तिसऱ्यावर अलेक्झांड्रिया, सातव्यावर सयाजीराव गायकवाड, आणि अठराव्या पानावर एकदाचं नागपूर. तेही दीड परिच्छेद, मग थेट समारोप.

“मॅडम, दोन महिन्यांपासून शोधून राहिली, पण आपल्याबद्दल काही मिळूनच नाही राहिलं.”

मी तिला पहिली सतरा पानं काढून टाकायला सांगितली. तिचा चेहरा पडला. पोहे खाल्ल्यावर थोडा सावरला. त्या दिवशी तिला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहून ठेवते आहे, कारण तिच्यानंतर अजून दोघं याच वाटेने येऊन गेली.

माझी ओळख म्हणायची तर ३१ वर्षं एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त. नोकरीत असताना आणि नंतर मिळून तीन स्मरणिकांसाठी विभागांचे आणि ग्रंथालयांचे इतिहास लिहिले. त्यातल्या एकात सणसणीत चूक केली. ती पुढे सांगतेच.

१९५६ म्हणजे नेमकं काय?

आपल्या विषयाची वंशावळ बी.लिब.च्या प्रत्येक मुलाला पाठ असते. १९११ ला बडोद्यात अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डनचा वर्ग, १९१५ ला लाहोरला पंजाब विद्यापीठात दुसरा अमेरिकन, डिकिन्सन, १९२९ ला मद्रासला ग्रंथालय संघाचा वर्ग, मग आंध्र, बनारस, मुंबई, कलकत्ता, दिल्ली. आणखी खाली आलं की बडोदा आणि नागपूर या दोन नावांपुढे १९५६. बहुतेक मुलं इथे टिक करून पुढे जातात.

थांबा. त्याच यादीत बडोदा दोनदा का आलं? कारण १९११ चा वर्ग होता बडोदा संस्थानाचा आणि १९५६ चा विद्यापीठाचा. मद्रासचं बघा. १९२९ चा वर्ग ग्रंथालय संघाने भरवला, १९३१ मध्ये विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला, १९३७ मध्ये त्याची वर्षभराची पदव्युत्तर पदविका झाली. आता सांगा, मद्रासची स्थापना कधीची? तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्नच अर्धवट आहे.

म्हणून सालापुढे नुसतं ‘स्थापना’ लिहायचं नाही. कशाची स्थापना, ते लिहायचं. विद्वत परिषदेने अभ्यासक्रमाला मान्यता दिली ती एक तारीख. पैसे आणि पदं मंजूर झाली ती दुसरी. पहिल्या मुलांनी फी भरली, पहिली परीक्षा झाली, दीक्षांत समारंभात पहिल्यांदा ती पदवी वाटली गेली, या आणखी तीन. शिवाय एक तारीख लोक हमखास विसरतात, पहिला पूर्णवेळ विभागप्रमुख रुजू झाल्याची. त्या काळी बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा ग्रंथपालच दिवसभर ग्रंथालय सांभाळून वर्ग घेई. वर्ग होता, परीक्षा होत होती, पण कागदावर ‘विभाग’ म्हणण्यासारखं काही नव्हतं.

माझी चूक इथलीच. विदर्भाबाहेरच्या एका विभागाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला. पदवीचा अध्यादेश हाती लागला, त्यावरचं साल उचललं आणि ‘या वर्षी विभागाची मुहूर्तमेढ रोवली गेली’ असं ठोकून दिलं. स्मरणिका छापली, वाटली. आठवड्याने एका गृहस्थांचा फोन. आवाज अगदी शांत. “ताई, लेख चांगला आहे. फक्त तुमच्या हिशेबाने विभाग सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी मी तिथून पास झालो.” हे गृहस्थ तिथल्या जुन्या प्रमाणपत्र-वर्गाच्या पहिल्या तुकडीतले होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं, निकालाचं कात्रण होतं, आणि माझ्याकडे फक्त सुंदर वाक्य होतं. तेव्हापासून ‘मुहूर्तमेढ’ हा शब्द मी वापरत नाही.

दुसरा घोटाळा ‘पदव्युत्तर’ या शब्दाचा. आपल्याकडे बी.लिब. ही पदवी, पण तिला प्रवेश पदवीनंतर. म्हणजे एम.ए. झालेला माणूस पुन्हा बी. करतो. मी करत होते तेव्हा माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, “एम.ए. झाल्यावर परत बी. कशाला? मागे मागे चाललीस का?” त्यांना समजावता समजावता माझं वर्ष संपलं. तुम्ही मात्र पहिल्याच पानावर ठरवून टाका की तुमच्या लेखात पदव्युत्तर म्हणजे काय धरलं आहे. पदवीनंतरचं सगळं, म्हणजे पदविका आणि बी.लिब. धरून? की फक्त एम.लिब. आणि पीएच.डी.? नाही ठरवलंत तर निम्मे आकडे एका अर्थाने येतील, निम्मे दुसऱ्या अर्थाने, आणि तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक बरोबर त्याच जागी बोट ठेवेल.

पीएच.डी.साठी एक माप डोक्यात असू द्या. ग्रंथालयशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. दिल्ली विद्यापीठाने १९५७ मध्ये दिली, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी उभ्या केलेल्या विभागात. दुसरी मिळायला वीस वर्षं लागली. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकात एखाद्या विभागात पीएच.डी. झालेलं कोणी नव्हतं, असं दिसलं तर त्यात त्या विभागाचा मागासपणा शोधू नका. देशातच त्या एकापलीकडे नव्हतं.

नागपूरची खास अडचण

१९५६ हे साल नागपुरात फार गर्दीचं आहे. जुलैत नवं सत्र सुरू झालं तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि गाव लाखो माणसांनी भरून गेलं. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. ज्या मुलांनी जुलैत एका राज्यात प्रवेश घेतला त्यांनी उन्हाळ्यात परीक्षा दुसऱ्या राज्यात दिली, तीही त्याच बाकावर बसून. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, म्हणजे चार वर्षांत तिसरं सरकार.

हे भावनेसाठी सांगत नाही, फायलींसाठी सांगते. विद्यापीठाचे स्वतःचे कागद, म्हणजे परिषदांची इतिवृत्तं, अध्यादेश, निकाल, दीक्षांत समारंभाच्या याद्या, हे विद्यापीठाकडेच शोधायचे. पण शासनाशी झालेला पत्रव्यवहार १९५६ च्या अलीकडचा (नंतरचा) की पलीकडचा (आधीचा), हे आधी बघा. अलीकडचा असेल तर मुंबईचा विचार करा, पलीकडचा असेल तर नागपूरच्या पुराभिलेखागारापासून सुरुवात करून भोपाळपर्यंत डोकं चालवा. माझ्याकडे आलेली मुलगी दोन महिने ‘महाराष्ट्र शासन’ असंच शोधत होती. अहो, त्या साली महाराष्ट्र शासन नव्हतंच.

विद्यापीठाची हद्दही बदलत गेली आहे. १९२३ ला स्थापना झाली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा मोठा मुलूख होता. १९४६ ला सागरचं विद्यापीठ निघालं, १९८३ ला अमरावतीचं, २०११ ला गडचिरोलीचं गोंडवाना. त्यामुळे ‘नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमुक महाविद्यालयांत बी.लिब. होतं’ असं लिहाल तेव्हा साल घातल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. १९८० मधलं अकोला त्या वाक्यात बसतं, १९९० मधलं बसत नाही. मुलं हे विसरतात आणि मग आलेखात संख्या एकदम घसरलेली दाखवून ‘विद्यार्थ्यांची उदासीनता’ असं कारण देतात. विद्यार्थी उदास नव्हते हो, ते अमरावती विद्यापीठात मोजले जात होते.

तारीख नसलेला कागद वाचायची युक्ती

आता माझा सगळ्यात आवडता भाग. विभागात जुन्या प्रश्नपत्रिका, सायक्लोस्टाइल नोट्स, अभ्यासक्रमाच्या पुस्तिका मिळतात, पण कव्हर फाटलेलं असतं आणि साल गेलेलं असतं. घाबरायचं नाही. आपला विषय असा आहे की त्याचं घड्याळ त्याच्या पोटातच असतं. आवृत्त्या बघा.

प्रात्यक्षिकाच्या पेपरवर ‘कोलन, सहावी आवृत्ती’ (कोलन म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायची रंगनाथनांची पद्धत) असं दिसलं तर तो कागद १९६० च्या आधीचा असू शकत नाही. सातवी असेल तर १९८७ च्या आधीचा नाही. त्याच कामाची दुसरी पद्धत अमेरिकन ड्यूईची, तिची सोळावी आवृत्ती १९५८, सतरावी १९६५, अठरावी १९७१, एकोणिसावी १९७९, विसावी १९८९, एकविसावी १९९६. तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्यात, रंगनाथनांच्या वर्गीकृत तालिका संहितेची पाचवी आवृत्ती १९६४ ची. अँग्लो-अमेरिकन नियम पहिले १९६७ चे, दुसरी आवृत्ती १९७८ ची. हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. एखाद्या पेपरवर ड्यूई अठरावी आणि अँग्लो-अमेरिकन दुसरी एकत्र दिसली की समजायचं, १९७८ नंतरचा आहे आणि एकोणिसावी बहुधा अजून कपाटात आलेली नाही.

पण एक सावधगिरी. आवृत्ती ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. ‘याच्या नंतरचा नाही’ हे कधीच सांगत नाही. कोलनची सातवी आली तरी देशभरचे विभाग वर्षानुवर्षं सहावीच शिकवत राहिले. सहावीवर शिक्षकांचा हात बसला होता, प्रती होत्या, सोडवलेली उदाहरणं होती. आमच्या पिढीला सहावी इतकी पाठ होती की काही जणांचा जीव अजून तिच्यात अडकला आहे. त्यामुळे सहावी आवृत्ती दिसली म्हणून ‘हा साठच्या दशकातला’ असं लिहू नका. तो नव्वदच्या दशकातलाही असू शकतो.

पदवीचं नावही घड्याळच. नुसतं ग्रंथालयशास्त्र आहे की ग्रंथालय व माहितीशास्त्र, हे बारकाईने पाहा. ‘माहिती’ हा शब्द कोणत्या वर्षी पदवीच्या नावात शिरला, तो शिरला त्याच वर्षी अभ्यासक्रमही बदलला का, की पाटी नवी आणि आतला माल जुना? याचं उत्तर देणारं एक पान लिहिलंत तरी लघुप्रबंध सार्थकी लागला. अभ्यास मंडळाची इतिवृत्तं आणि दोन लगतच्या वर्षांच्या अभ्यासक्रम पुस्तिका शेजारी ठेवा, लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा करा, उत्तर एका दुपारात मिळतं.

या बदलांना बाहेरून धक्का देणारे कागदही वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने रंगनाथनांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. त्यातल्या ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या समितीचा अहवाल १९६५ चा. त्यात प्रवेश, शिक्षकांची संख्या, विषयवार पेपर, सगळं आहे. तुमच्या विभागाने त्यानंतर काय बदललं आणि काय नाही, ते ताडून पाहा. आयोगाने २००१ मध्येही एक मोठा आराखडा दिला, तोही बघा. मधल्या काळात संगणक आला. ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं बघा, युनेस्कोचं सीडीएस-आयएसआयएस १९८५ च्या सुमाराचं, नंतर इन्फ्लिबनेट या अनुदान आयोगाच्या केंद्राचं सोल, त्यानंतर कोहा. प्रात्यक्षिकाच्या वहीत यांतलं कुठलं नाव आहे त्यावरून वहीचं वय कळतं. शिक्क्यावरूनही कळतं. ‘नागपूर विद्यापीठ’ एवढाच शिक्का असेल तर बहुधा २००५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी नावाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज जोडलं गेलं. बहुधा म्हणते, कारण जुने शिक्के शाई संपेपर्यंत वापरायची कार्यालयांची सवय मला चांगली ठाऊक आहे.

कायद्याचंही तसंच. इतिवृत्तात ‘कार्यकारी परिषद’ आहे की ‘व्यवस्थापन परिषद’, ते बघा. १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि दुसरा शब्द रूढ झाला. आता २०१६ चा कायदा चालतो.

कोणतं रजिस्टर मागायचं

मुलं विभागात जाऊन म्हणतात, “इतिहास हवा आहे.” इतिहास कुठल्या कपाटात ठेवलेला नसतो. रजिस्टर मागा, नावाने मागा. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ते आपलं ॲक्सेशन रजिस्टर. डेड स्टॉक रजिस्टर. आवक-जावक. हजेरीपट. फीच्या पावत्यांची पुस्तकं मिळाली तर नशीब.

डेड स्टॉक रजिस्टरला कोणी विचारत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा शाबूत असतं. त्यात खुर्च्या, टेबलं, टंकलेखन यंत्र, तालिकेचं कपाट, पंखे, नंतर संगणक, सगळं तारीख आणि किमतीसकट. एकदम तीस खुर्च्या घेतल्या असतील तर त्या वर्षी काहीतरी घडलं आहे. जागा बदलली, तुकडी वाढली, नाहीतर नवा अभ्यासक्रम सुरू झाला. विभागप्रमुखांच्या गौरवपर लेखात हे सापडणार नाही. खुर्च्या खोटं बोलत नाहीत.

दाखल नोंदवहीत एकाच दिवशी एकाच पुस्तकाच्या किती प्रती दाखल झाल्या ते शोधा. वर्गीकरणाचं प्रात्यक्षिक सारणी, म्हणजे विषय-क्रमांकांची यादी, समोर असल्याशिवाय होत नाही. ड्यूईचे संच किती आणि मुलं किती, हा भागाकार केला की एका संचावर किती डोकी वाकत होती ते कळतं. माझ्या वेळी आमच्या वर्गात एका संचाला आम्ही सहा जणी होतो. अनुक्रमणिकेचा खंड एकीकडे, सारणीचा दुसरीकडे, आणि पेपर संपायला वीस मिनिटं. मी आजही कोणाच्या खांद्यावरून उलटं वाचू शकते, ते त्या वर्षाचं शिक्षण.

परवानगीचं पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेलं पत्र म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता. पत्रात ‘सर्व जुने दस्तऐवज’ असं लिहू नका, समोरच्याला धडकी भरते. ‘सन अमुक ते अमुक दाखल नोंदवही, कार्यालयात बसून पाहण्यास’ असं लिहा. बाहेर न्यायचं नाही म्हटल्यावर निम्मी अडचण संपते. तरीही कुठे अडलं तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं तिकीट, जोडपत्र अ, तीस दिवस. पण ते शेवटी. मी स्वतः एकदाच वापरला, आणि कागद मिळाले खरे, पण त्यानंतर त्या कार्यालयात मला चहा कोणी विचारला नाही.

उन्हाळ्यात काम करणार असाल तर जुनं रजिस्टर कूलरसमोर उघडू नका. बाहेर ४५ अंश असतं, कूलरची थंडगार हवा बरी वाटते, पण ती ओली हवा ठिसूळ कागदाला लागली की पानं लाटा मारतात आणि शाई पसरते. पंख्याखाली बसा, घाम पुसायला रुमाल ठेवा. पेन्सिलच वापरा. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला मी माझ्या ग्रंथालयात उभं करत नव्हते, इथेही तेच. मोबाईलवर फोटो काढताना प्रत्येक रजिस्टरच्या पहिल्या फोटोत त्याचं कव्हर घ्या. दीडशे फोटो काढून घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या वहीचं, हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या एका हार्ड डिस्कमध्ये असे अनाथ फोटो अजून पडले आहेत.

वर्तमानपत्रं विसरू नका. १९११ पासूनचं ‘हितवाद’ आहे, ‘तरुण भारत’ आहे, १९७१ नंतर नागपूरचा ‘लोकमत’. जाहिराती बघा, बातम्या नंतर. प्रवेशाची जाहिरात जून-जुलैत येते, निकाल उन्हाळ्यात, पदभरती कधीही. सगळं वर्ष चाळत बसायची गरज नाही. १९४९ मध्ये अखिल भारतीय ग्रंथालय परिषद नागपुरात भरली होती, त्या दिवसांचे अंक मात्र पूर्ण वाचा. विद्यापीठात वर्ग सुरू होण्याआधी गावात या विषयावर बोलणारी माणसं कोण होती, त्याचा माग तिथून लागतो. विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय सीताबर्डीवर आहे, तिथे जुन्या मराठी नियतकालिकांसाठी एक फेरी मारा.

माणसांशी बोलताना

“विभागाच्या वाटचालीबद्दल काय सांगाल?” असं विचारलंत की समोरचा माणूस भाषण करतो. भाषण तुम्हाला नको आहे. विचारायचं, कुठे बसायचात? खिडकी कोणत्या बाजूला होती? वर्ग सकाळी की संध्याकाळी? नोकरी करून शिकणारे किती? डबा कुठे खायचात? सायकलचं पंक्चर कुठे काढायचात, इथपर्यंत विचारा. खोलीचं चित्र उभं राहिलं की माणसं आपोआप त्यात येऊन बसतात.

माझी युक्ती कोरी तालिका कार्डं, म्हणजे एकेका पुस्तकाची नोंद लिहायची ग्रंथालयातली कार्डं. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर, खाली दांडीसाठी भोक. अजून स्टेशनरीच्या जुन्या दुकानांत मिळतात, नाहीतर कोणत्याही ग्रंथालयात रद्दीत गठ्ठा असतो. जुन्या विद्यार्थ्याच्या हातात कार्ड दिलं की बोटं आपोआप दुसरी उभी रेघ शोधतात. मग तो म्हणतो, “इथून लेखकाचं नाव सुरू करायचं, एक अक्षर इकडे-तिकडे झालं की सर अख्खं कार्ड फाडत.” कोणते सर, कोणता पेपर, किती मार्क, सगळं बाहेर येतं. एका काकांनी तर चहा थंड होईपर्यंत पाच कार्डं लिहून दिली, आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव, जागच्या जागी.

साल कोणालाच आठवत नाही. साल विचारायचंच नाही, खुणेची घटना विचारायची. “धम्मदीक्षेच्या वेळी तुम्ही वर्गात होतात की नंतर आलात?” “चीनच्या लढाईआधी की नंतर?” “आणीबाणीत परीक्षा वेळेवर झाली का?” “अमरावती वेगळं झालं तेव्हा तुम्ही शिकवत होतात का?” नागपूरच्या माणसाला अशी विचारणा केली की तो तारखेच्या जवळ नेऊन सोडतो, उरलेलं काम हजेरीपट करतो. तरी दोन म्हातारी माणसं एकाच गोष्टीची दोन सालं सांगतीलच. दोघांना ‘हो जी, हो जी’ म्हणा आणि कागद शोधा. त्यांच्यात भांडण लावू नका. मी लावलं होतं. एका सरांनी दुसऱ्या सरांशी दिवाळीचं बोलणं बंद केलं.

फक्त प्राध्यापकांकडे जाऊ नका. जे परिचर होते, ज्यांच्याकडे किल्ल्या असत, त्यांना जागा कधी बदलली ते महिन्यासकट माहीत असतं, कारण कपाटं त्यांनी उचलली. त्यांना ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हणा, खुर्चीवर बसवा आणि नाव लेखात छापायचं का ते विचारा. रेकॉर्डिंग करण्याआधी सगळ्यांनाच विचारा. परिशिष्टात लोकांचे पत्ते आणि फोन नंबर छापायची एक वाईट पद्धत आहे, ती सोडा.

बायकांची बाजू वेगळी काढा. ड्यूईने १८८७ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात पहिली ग्रंथालय शाळा काढली तेव्हा वीस विद्यार्थ्यांपैकी सतरा बायका होत्या, आणि कॉलेजच्या विश्वस्तांना ते इतकं खुपलं की दोन वर्षांत शाळा ऑल्बनीला हलली. आपल्याकडे गोष्ट वेगळी, पण गोष्ट आहे. दीक्षांत समारंभाच्या याद्या घ्या आणि वर्षागणिक बायकांची नावं मोजा. एक अडचण येईल, जुन्या याद्यांत आद्याक्षरं असतात, आणि ‘एस. के. देशमुख’ म्हणजे सुधाकर की सुशीला हे यादी सांगत नाही. तिथे ‘कळत नाही’ असा वेगळा रकाना करा. अंदाजाने पुरुषांत टाकू नका. आजवर तेच झालं आहे.

लिहिताना

विभागप्रमुखांचे फोटो ओळीने आणि प्रत्येकाखाली ‘यांच्या कारकिर्दीत विभागाने गरुडझेप घेतली’, असा इतिहास मी तरी वाचत नाही. आठ गरुडझेपा झाल्यावर विभाग नेमका कुठे पोहोचला, ते कळतच नाही. प्रमुखांची नावं आणि कालावधी एका कोष्टकात द्या आणि मोकळे व्हा. लेख अभ्यासक्रमाच्या मागे जाऊ द्या. काय शिकवलं जात होतं, कोणाला, कोणत्या पुस्तकांवर, आणि ती मुलं पुढे कुठे लागली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये आला. त्यानंतर विभागातल्या प्रवेशांवर त्याचा परिणाम दिसतो का, हे पाहण्यासारखं आहे.

‘मध्य भारतातला पहिला’ असं लिहायचा मोह होईल. ‘पहिला’ हा शब्द लिहिला की त्याच्याभोवती कुंपण घाला. पहिली पदविका, की पहिला पूर्णवेळ विभाग, की पहिली एम.लिब.? मध्य भारत म्हणजे कुठला मुलूख? उज्जैनच्या विक्रम विद्यापीठापुढे याद्यांत १९५७ असतं, म्हणजे स्पर्धक एका वर्षाच्या अंतरावर उभा आहे. त्याच्याही पाच तारखा असतील. तुमची पहिली परीक्षा आणि त्यांचा पहिला ठराव अशी तुलना करून जिंकू नका.

प्रत्येक सालाला तळटीप. मुलाखतीतून आलेलं साल आणि कागदातून आलेलं साल वेगळ्या खुणेने दाखवा. जिथे कागद नाही तिथे जागा रिकामी सोडा. रिकामी जागा बघून पुढचा कोणी शोधायला जाईल. भरलेली चूक बघून कोणी जात नाही, ती पुढच्या स्मरणिकेत तशीच उतरते. माझी उतरली आहे. दोन ठिकाणी.

ती मुलगी गेल्या आठवड्यात परत आली. पानं आता चौदाच आहेत, पण चौदाही नागपूरची. १९५६ च्या शेजारी तिने छोटं कोष्टक केलंय, ठराव, मंजुरी, प्रवेश, परीक्षा, दीक्षांत असे पाच रकाने, आणि त्यातले दोन अजून कोरे आहेत. येत्या रविवारी ती अमरावतीला एका निवृत्त काकांना भेटायला चालली आहे, जुन्या तुकडीतले आहेत म्हणे. काय नेऊ म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, अर्धा किलो संत्रा बर्फी ने आणि पंधरा कोरी कार्डं. बर्फी विसरलीस तरी चालेल.